मदतीला नाही म्हणता आलं पाहिजे



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमता, त्यांनी समाजकार्याच्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्या घडवल्या. मी त्यांच्या वर्गात बसलेले नाही. पण त्यांचे विद्यार्थी पुढे माझे सहकारी झाले, आणि त्या सगळ्यांची एक सवय माझ्या लक्षात आली. कुणी एखाद्या संस्थेचं कौतुक करू लागलं, इमारत किती स्वच्छ, जेवण किती चांगलं असं सांगू लागलं, की ते शांतपणे विचारायचे, "तिथल्या माणसांना बाहेर पडता येतं का?" आज मी जे बोलणार आहे, ते या एकाच प्रश्नाभोवती.

विषय जाहीर झाला आहे 'समाजकार्य आणि सामाजिक नियंत्रण'. माझं शिकवणं आणि संशोधन दोन्ही याच विषयात गेलं. नाव जड आहे, म्हणून आधी सोपं करून सांगते. प्रत्येक समाज आपल्या माणसांना चाकोरीत ठेवण्यासाठी काही ना काही करत असतो. पोलीस, कोर्ट, तुरुंग ही त्याची उघड साधनं. पण जातपंचायतीचा दंड, शेजाऱ्यापाजाऱ्यांची कुजबुज, शाळेतली हजेरी, दवाखान्यातला केसपेपर हीसुद्धा त्याचीच साधनं. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ एडवर्ड रॉस यांनी १९०१ साली 'सोशल कंट्रोल' नावाचं पुस्तक लिहिलं आणि ही सगळी साधनं अभ्यासकांसमोर एकत्र मांडली.

या यादीत समाजकार्यकर्ता कुठे बसतो? आपल्याला वाटतं, तो यादीच्या बाहेर. पोलीस धरतात, आपण सोडवतो. तुरुंग शिक्षा देतो, आपण आधार देतो. माझी पाठ्यपुस्तकंही हेच सांगत होती. मग मी संस्थांमधल्या फायली वाचायला लागले. माझं संशोधन म्हणजे मुख्यतः तेच: जुन्या कपाटांतल्या केसफायली, प्रोबेशन ऑफिसरांचे अहवाल, अधीक्षकांच्या नोंदवह्या, आणि त्या फायलींमधली माणसं जिथे सापडतील तिथे जाऊन त्यांचं ऐकणं. त्या फायलींमध्ये आधार आणि पहारा असे दोन वेगळे कागद कधी सापडले नाहीत. कागद एकच, अक्षर एकाच माणसाचं, सही एकच. वरच्या ओळीत माया आणि खालच्या ओळीत कुलूप.

हे सांगायला सोलापूरइतकं योग्य गाव दुसरं नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या पत्त्यात 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हे शब्द असतील. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानासाठी होता. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही वापरता येऊ लागला. चोरी कुणी केली हे शोधण्याऐवजी अख्खी जमातच गुन्हेगार ठरवायची, हे त्या कायद्याचं सूत्र. कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट, छप्परबंद अशा जमातींची नावं सरकारी राजपत्रात आली आणि त्या जमातीत जन्मलेलं मूल जन्मतःच नोंदवहीचं झालं. त्यांना ठेवायला विजापूर, हुबळी, गदग, सोलापूर इथे वसाहती, म्हणजेच सेटलमेंट, उभ्या राहिल्या. सोलापुरात का? इथे कापडगिरण्या होत्या, आणि गिरण्यांना मजूर हवे होते. पळून न जाणारे मजूर.

काटेरी तारेचं कुंपण. ठरल्या वेळी हजेरी. बाहेर जायचं तर पास. पासवर लिहिलेल्या जागेखेरीज दुसरीकडे सापडलात तर शिक्षा. मुलांना आईबापांपासून वेगळं काढून शाळेत ठेवण्याचा अधिकारही कायद्याने सरकारला दिला होता. वागणूक चांगली दिसली की कुटुंबाला तारेबाहेर, फ्री कॉलनीत राहायची परवानगी मिळे. हे सारं आपल्याकडच्या अनेक घरांत आजीआजोबांकडून ऐकलं गेलं आहे. मी नवीन काही सांगत नाही.

मला बोलायचं आहे ते दुसऱ्या एका गोष्टीबद्दल. त्या तारेच्या आत शाळा होती. दवाखाना होता. सुतारकामासारखे धंदे शिकवले जात. पतपेढ्या काढल्या गेल्या. मुंबई इलाख्याच्या या वसाहतींचे प्रमुख अधिकारी होते ओ. एच. बी. स्टार्ट, आयसीएस. या माणसाने वर्षानुवर्षं याच कामाला वाहून घेतलं. त्यांचा विश्वास होता की आपण एका पिढीला गुन्ह्यातून बाहेर काढतो आहोत. वसाहतींमध्ये मिशनरी होते, शिक्षक होते. त्यातले कित्येक जण मनापासून काम करत होते. आपल्याकडे समाजकार्याचं पहिलं महाविद्यालय निघायच्या कितीतरी आधी, पगारी माणसं नेमून, नोंदी ठेवून, घरोघरी जाऊन माणसं 'सुधारण्याचं' काम इथे, या गावात चाललं होतं.

ते ढोंग होतं असं म्हणून मोकळं होता येईल का? मला तसं वाटत नाही. ढोंग असतं तर प्रश्न सोपा होता. ढोंगी माणसं हटवून चांगली नेमली की काम झालं असतं. पण तिथली माया खरी होती आणि तारही खरी होती. मुलगा शाळेत येत होता, कारण त्याला दुसरीकडे जाताच येत नव्हतं. बाई दवाखान्यात येत होती, कारण न आल्याची नोंद होणार होती. मग त्या शाळेच्या पटावरून, त्या दवाखान्याच्या नोंदींवरून आपण काय ठरवणार? कर्मचारी प्रेमळ होते की कठोर, हा प्रश्नच इथे अपुरा पडतो. म्हणून सरांचे विद्यार्थी तो दुसरा प्रश्न विचारत.

कन्हैयालाल मुन्शी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९३९ च्या सुमारास मुंबई प्रांतात या कायद्याची चौकशी केली. १९४९ साली मुंबई प्रांताने तो रद्द केला, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभरातून गेला. विमुक्त जमाती आजही हा दिवस पाळतात. पण नंतर काय झालं? जमातीचं नाव कायद्यातून गेलं आणि 'सराईत गुन्हेगार' हा शब्द आला. मुंबई राज्याचा सराईत गुन्हेगार कायदा १९५९ चा. पोलिसांच्या वहीतली माणसं बरीचशी तीच राहिली. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ला १९८८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा मराठी वाचक हळहळले. पण त्या पुस्तकातलं आयुष्य स्वातंत्र्यानंतरचं आहे, हे किती जणांनी लक्षात घेतलं?

आता दुसऱ्या मुद्द्याकडे येते. तिथे मी थोडी रेंगाळणार आहे.

व्यावसायिक समाजकार्याचं शिक्षण भारतात सुरू झालं १९३६ साली, मुंबईच्या नागपाड्यात. अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी तिथे आधीपासून वस्तीकेंद्र चालवलं होतं. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून तिथेच पदव्युत्तर शाळा निघाली, आणि १९४४ मध्ये तिचं नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं. या शाळेतून आणि पुढच्या महाविद्यालयांतून बाहेर पडलेली मुलंमुली कुठे नोकरीला लागली? बरीच जण निरीक्षणगृहात, सुधारगृहात, प्रोबेशनच्या खात्यात. मुंबईचा बालक कायदा १९२४ चा. त्याची अंमलबजावणी करायला प्रशिक्षित माणसं हवीच होती. डोंगरीचं बालगृह ज्या जागेत आहे तो जुना तुरुंग. १८८२ मध्ये आगरकर आणि टिळक त्याच डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिलं म्हणून आपल्याला तो तुरुंग माहीत आहे. नंतर त्या जागी राहिलेल्या मुलांपैकी कुणाचं पुस्तक आपल्याला माहीत आहे?

आणि मग १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंध कायदा. माझ्या संशोधनाचा सर्वांत मोठा भाग या कायद्याखालच्या फायलींनी व्यापला आहे.

या कायद्यातली भीक मागण्याची व्याख्या ऐका. सार्वजनिक जागी दान मागणं, मग ते गाऊन, नाचून, भविष्य सांगून, खेळ करून किंवा काही विकायच्या निमित्ताने का असेना, म्हणजे भीक. आता पहाटे मोरपिसांची टोपी घालून दारात येणारा वासुदेव आठवा. पिंगळा आठवा. नंदीबैलवाले, कोरडे ओढणारे पोतराज, दोरावर चालणारी डोंबाऱ्याची पोर आठवा. आपण ज्यांना लोककलावंत म्हणून व्यासपीठावर शाल देतो, ती सगळी माणसं या एका वाक्यात बसतात. सेटलमेंटच्या कायद्यातून सुटलेल्या आणि गावोगाव भटकणाऱ्या जमातींच्या रोजच्या जगण्याला हा नवा कायदा लागू झाला, तो असा.

व्याख्या इथे थांबत नाही. उपजीविकेचं दिसेल असं साधन नसताना एखादा माणूस सार्वजनिक जागी अशा अवस्थेत फिरत असेल, की तो भीक मागून जगत असावा असं वाटावं, तर तोही भिकारी. वाटावं कुणाला? पोलिसाला. फाटके कपडे आणि कडेला टेकलेली पाठ एवढा पुरावा पुरतो. वॉरंटशिवाय अटक. कोर्टात संक्षिप्त चौकशी. पहिल्यांदा सापडला तर एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात. पुन्हापुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. त्याच्यावर पूर्णपणे अवलंबून असलेल्या माणसांनाही ताब्यात ठेवता येतं.

यात समाजकार्यकर्ता कुठे आहे? अगदी मध्यभागी. स्थानबद्धतेचा आदेश देण्याआधी कोर्ट प्रोबेशन ऑफिसरचा अहवाल मागवतं. हा अहवाल लिहिणारी माणसं आमचेच विद्यार्थी. मी असे अहवाल वाचत गेले, तशी त्यांतली ठरीव वाक्यं पाठ झाली. 'जवळचे नातेवाईक नाहीत.' 'निश्चित कामधंदा नाही.' 'सोडल्यास पुन्हा भीक मागण्याची शक्यता आहे.' 'व्यक्तीच्या हितासाठी संस्थेत दाखल करणे योग्य राहील.' या शेवटच्या वाक्यातल्या 'हितासाठी'कडे माझं लक्ष सारखं जाई. मी त्या अधिकाऱ्यांशी बोलले आहे. त्यांतल्या एकाचंही मन वाईट नव्हतं. पावसाळ्यात ही म्हातारी फुटपाथवर कशी राहील, आत निदान दोन वेळचं जेवण तरी मिळेल, असा त्यांचा विचार होता. त्या विचारातूनच तिचं एक वर्ष गेलं.

एका फायलीतली बाई मराठवाड्यातून मुंबईला मोठ्या इस्पितळात उपचारांसाठी आली होती. बरोबरचा भाचा गावी पैसे आणायला गेला, आणि ती देवळाबाहेर बसलेली असताना उचलली गेली. अहवालात 'नातेवाईक नाहीत' असं लिहिलेलं होतं, कारण त्या दिवशी कुणी बरोबर नव्हतं. फायलीत पुढे डॉक्टरांची तपासणी होती, वजन वाढल्याची नोंद होती, शिवणवर्गात हजर राहिल्याची नोंद होती. संस्थेच्या दृष्टीने काम उत्तम झालं होतं. भाच्याने तिला शोधलं असेल का, याबद्दल फायलीत एक ओळ नव्हती. ते विचारायला फॉर्मात जागाच नव्हती.

दिल्लीला लागू केलेल्या याच मुंबई कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी घटनाबाह्य ठरवली. न्यायमूर्ती गीता मित्तल आणि सी. हरिशंकर यांचं खंडपीठ होतं. समानतेचा आणि सन्मानाने जगण्याचा हक्क या कलमांनी डावलला जातो, असं न्यायालयाने म्हटलं. ज्या राज्याच्या नावाने हा कायदा ओळखला जातो, त्या महाराष्ट्रात मात्र तो रद्द झालेला नाही. मला याची लाज वाटते, आणि हे मी या व्यासपीठावरून स्पष्ट सांगते.

आतापर्यंतचं थोडक्यात: एक, आपल्याकडे समाजकार्य आणि पहारा यांचा जन्म बरोबरच झाला. दोन, समाजकार्यकर्त्याचा अहवाल हाच अनेकदा कुलपाची किल्ली असतो. आता तिसरा मुद्दा, हा विषय मी कुणाकडून शिकले त्याबद्दल.

स्टॅन्ली कोहेन हे नाव समाजकार्याच्या अभ्यासक्रमात फारसं येत नाही. यायला हवं. जन्म १९४२, जोहान्सबर्ग. वर्णभेदाच्या दक्षिण आफ्रिकेत वाढलेला ज्यू मुलगा. विटवॉटर्सरँड विद्यापीठात शिकून १९६३ मध्ये लंडनला आला आणि मानसोपचार क्षेत्रातला समाजकार्यकर्ता म्हणून नोकरी केली. म्हणजे सुरुवात आपल्याच धंद्यातली! पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या समुद्रकिनाऱ्यांवर 'मॉड्स' आणि 'रॉकर्स' म्हणवणाऱ्या तरुणांच्या मारामाऱ्या झाल्या. वर्तमानपत्रांनी काहूर माजवलं. कोहेन यांनी मारामाऱ्यांपेक्षा त्या काहुराचा अभ्यास केला: बातमी कशी फुगते, पोलीस कसे कडक होतात, न्यायाधीश कसे बोलतात, आणि या सगळ्यातून एक 'राक्षस' कसा तयार होतो. त्यावरचं पुस्तक १९७२ साली आलं, आणि 'मॉरल पॅनिक' हा शब्दप्रयोग जगभर गेला. आपल्याकडे मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं जातं, तेव्हा मला हे पुस्तक आठवतं.

पण मला त्यांचं १९८५ चं 'व्हिजन्स ऑफ सोशल कंट्रोल' जास्त महत्त्वाचं वाटतं. साठ-सत्तरच्या दशकांत पाश्चात्त्य देशांत एक चांगली चळवळ झाली. तुरुंग नको, वेड्यांची इस्पितळं नकोत, माणसाला समाजातच ठेवून सुधारूया. प्रोबेशन, समुपदेशन, दिवसाची केंद्रं. कोहेन यांनी विचारलं, याने तुरुंग रिकामे झाले का? तर तसं झालं नाही. तुरुंग भरलेलेच राहिले आणि त्यांच्या भोवती नव्या केंद्रांचा, नव्या अधिकाऱ्यांचा पसारा उभा राहिला. पूर्वी ज्या मुलाला हवालदार दोन शब्द बोलून सोडून द्यायचा, त्याची आता फाईल उघडली जाऊ लागली. कोहेन यांनी याला मासेमारीच्या जाळ्याची उपमा दिली: जाळं रुंद होत गेलं आणि त्याची भोकं बारीक होत गेली. हे जाळं विणणारे हात कुणाचे? चांगल्या मनाच्या, शिकल्यासवरल्या समाजकार्यकर्त्यांचे.

कोहेन हे बोलू लागले तेव्हा काम करणारे समाजकार्यकर्ते त्यांच्यावर चिडले. तुम्हाला बोलायला काय जातं, उद्या सकाळी त्या घरात आम्हाला जायचं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. कोहेन यांनी ते म्हणणं झटकून टाकलं नाही. १९७५ साली त्यांनी एक निबंधच त्या तक्रारीवर लिहिला. तोच माणूस पुढे इस्रायलमध्ये राहायला गेला, आणि तिथल्या चौकशीत कैद्यांचा छळ होतो हे दडवलं जात असताना त्यावर अहवाल लिहायला पुढे आला. माणसं डोळ्यांसमोरचं क्रौर्य कसं नाकारतात, यावर त्यांनी २००१ मध्ये पुस्तक लिहिलं. २०१३ साली ते गेले. संशोधकाचं आयुष्य असं एका धाग्याने चालावं, असं मला नेहमी वाटत आलं.

कोहेन यांनी मला प्रश्न दिला. उत्तराची दिशा मात्र मला सांगलीने दाखवली.

सांगलीत १९९२ पासून संग्राम ही संस्था काम करते, आणि तिच्यातून वेश्याव्यवसायातल्या बायकांची स्वतःची वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे व्हॅम्प, उभी राहिली. या बायकांनी एक मागणी सातत्याने लावून धरली: आमची सुटका करायला येता, तर आधी आम्हाला विचारा. वेश्याव्यवसायाबाबतच्या १९५६ च्या कायद्याखाली छापा पडतो, बायका पोलिसांच्या गाडीत बसतात, आणि दंडाधिकारी त्यांना संरक्षणगृहात पाठवू शकतात. किती काळ? एक ते तीन वर्षं. भीक मागणाऱ्याला जेवढी, तेवढीच. तिच्यावर खटला नाही, ती आरोपी नाही, ती पीडित आहे, आणि तरी ती कुलपाआड आहे. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितलं, की संरक्षणगृहांची पाहणी करा आणि ज्या सज्ञान बायकांना मनाविरुद्ध ठेवलं आहे त्यांच्या सुटकेचा विचार ठरावीक मुदतीत करा. सांगलीच्या बायका हे कित्येक वर्षांपूर्वीपासून बोलत होत्या.

त्यांच्याकडून मी जी कसोटी शिकले ती अशी: ज्याला मदत करतो आहोत त्याला नाही म्हणता येतं का, आणि नाही म्हटल्यावर त्याचं काही वाईट होतं का? नाही म्हणता येत असेल, तर ती मदत. नाही म्हटल्यावर शिक्षा होत असेल, रेशन तुटत असेल, मूल काढून घेतलं जात असेल, तर तो पहारा आहे. त्याचं नाव पुनर्वसन असो, समुपदेशन असो वा संरक्षण असो.

यावर लगेच एक रास्त आक्षेप येतो. घरात मूल मार खातंय, बाप नाही म्हणतो; मग परत यायचं का? मनोरुग्ण बाई रेल्वेच्या रुळांवर चालली आहे. तिला विचारत बसायचं का? नाही. काही वेळा समाजाला हात धरावाच लागतो. माझं म्हणणं एवढंच, की हात धरणं आहे हे कबूल करा आणि त्याला हात धरण्याचे नियम लावा. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा बघा. रुग्णाच्या संमतीशिवाय दाखल करायचं तर पहिली मुदत ३० दिवसांची. त्या कायद्यानेच नेमलेल्या मंडळाला कळवायचं. रुग्ण त्या मंडळाकडे दाद मागू शकतो. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत, हे माणूस बरा असताना आधीच लिहून ठेवू शकतो. हा कायदा पुरता अमलात आलेला नाही, हे मला माहीत आहे. पण त्याने पहाऱ्याला पहारा म्हटलं आणि त्याला मुदत घातली. भिक्षा प्रतिबंध कायदा आणि हा कायदा शेजारी शेजारी ठेवून वाचा. एका कायद्याच्या नजरेत समोर माणूस आहे, दुसऱ्याच्या नजरेत अडगळ.

आणि अशा संस्थांमध्ये बाहेरच्या माणसाने आत जाऊन बसायलाच हवं. टाटा इन्स्टिट्यूटचा 'कोशिश' हा प्रकल्प बेघर आणि भिक्षेकऱ्यांसोबत काम करतो. बिहार सरकारने त्यांना आपल्या निवारागृहांची सामाजिक तपासणी करायला सांगितलं. शंभरावर संस्था त्यांनी पाहिल्या. २०१८ मध्ये अहवाल बाहेर आला आणि मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातले लैंगिक अत्याचार देशाला कळले. २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने दोषींना शिक्षा सुनावली. त्या गृहातही तपासणीला अधिकारी येत होतेच. रजिस्टरं तपासली जात होती. फरक एवढाच होता, की या पथकातले लोक मुलींजवळ बसले आणि त्यांच्याशी बोलले.

शेवटचा मुद्दा संशोधक विद्यार्थ्यांसाठी. आपण स्वतःला या सगळ्याच्या बाहेरचे निरीक्षक समजू नका. पाहणी, गणना, मुलाखत हीसुद्धा नियंत्रणाची साधनं होतात. १९७६ च्या जानेवारीत मुंबईत झोपड्यांची गणना झाली आणि फोटोपास वाटले गेले. ज्याच्याकडे पास, त्याला पर्यायी जागेचा हक्क. ज्याच्याकडे नाही, त्याची झोपडी बेकायदा. पुढे १९८०, १९८५, १९९५, २००० अशा तारखा पुढे सरकत राहिल्या, आणि प्रत्येक तारखेला कुणी आत आलं, कुणी बाहेर राहिलं. वस्तीतली बाई तो पास प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्यात ठेवते. तो तिचं रक्षण करतो आणि तिला मोजूनही ठेवतो. आपले विद्यार्थी प्रश्नावली घेऊन वस्तीत जातात तेव्हा लोक विचारतात, "हे कशासाठी लिहिताय?" हा अडाणीपणा नाही. हा अनुभव आहे.

विमुक्त आणि भटक्यांना तर नोंदवहीचा अनुभव कुणाहूनही जास्त. बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने २००८ साली केंद्र सरकारला अहवाल दिला. नंतर भिकू इदाते यांच्या आयोगाने दिला. दोन्ही आयोगांना एकच अडचण आली, की या माणसांची नीट लोकसंख्याच कुणाकडे नाही. जी माणसं पिढ्यानपिढ्या रोज हजेरी देत होती, त्यांचा हक्क द्यायची वेळ आली तेव्हा त्यांची गणती सापडत नाही! नोंद कशासाठी ठेवली गेली होती, याचा याहून स्पष्ट पुरावा मला दुसरा माहीत नाही.

म्हणून काही ठोस बदल सुचवते. प्रोबेशन ऑफिसरच्या अहवालात एक वेगळा रकाना हवा, त्या माणसाच्या स्वतःच्या म्हणण्याचा. 'मला काय हवं आहे', हे त्याच्या शब्दांत, त्याच्या बोलीत. वैदू असेल तर त्याच्या भाषेत, पारधी असेल तर पारधी भाषेत, आणि भाषा समजत नसेल तर दुभाषा मिळेपर्यंत अहवाल पूर्ण समजू नये. कोर्टात जाण्याआधी तो अहवाल त्याला वाचून दाखवावा आणि त्याला तो मान्य आहे की नाही हे लिहून घ्यावं. संस्थेत दाखल झालेल्या प्रत्येकाला आपली फाईल बघता यावी. वकील पहिल्याच दिवशी मिळावा. यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही. एखादा अधिकारी उद्या सकाळी आपल्या टेबलावर त्या सुरू करू शकतो. आणि भिक्षा प्रतिबंध कायदा रद्द करण्याची मागणी समाजकार्य महाविद्यालयांनी एकत्र येऊन शासनाकडे करावी. तो कायदा चालवायला माणसं आपण पुरवतो, तेव्हा तो रद्द करा हे सांगण्याची पहिली जबाबदारीही आपलीच.

माझा वेळ संपत आला आहे. या सभागृहात निरीक्षणगृहातले, महिला व बालविकास खात्यातले, विमुक्तांच्या संघटनांतले लोक मला दिसताहेत. ज्यांना उद्या सकाळी खरोखरच त्या घरांत आणि त्या संस्थांमध्ये जायचं आहे, त्यांनी आधी प्रश्न विचारावेत, अशी अध्यक्षांना माझी विनंती आहे. प्राध्यापकांनी नंतर.